कोमट पाण्याला विसण

न्हाणीत प्लास्टिकची फरशी बसवणारा नांदुऱ्यातला पहिला माणूस मी. हे मोठेपणासाठी सांगत नाही. माझ्यानंतर दुसरा कोणी त्या वाटेला गेला नाही, आणि त्याला कारणही मीच आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खाजगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टर नाडी बघायचे, मी बाटलीला कागदाच्या खुणा चिकटवून लाल औषध भरून द्यायचो. घरी एकटाच. बायको जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं आणि एकुलती एक लेक लग्न होऊन अमडापूरला गेलेली. घर वडिलांच्या वेळचं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी.

न्हाणीत शहाबादी फरशी होती. आमच्या विहिरीचं पाणी खारं. त्याने साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि जिथं सांडेल तिथं वाळल्यावर पांढरं मीठ फुटतं. इतक्या वर्षांत त्या फरशीवर मीठ, साबण आणि शेवाळ यांचा थर बसला होता. बायको होती तोवर ती विटेच्या तुकड्याने रोज घासायची. ती गेल्यावर मी घासत नव्हतो असं नाही, पण माझं घासणं म्हणजे सरकारी काम. व्हायचं तेच झालं. एका सकाळी पाय सटकला आणि मी मनगटावर आदळलो. दुसऱ्यांच्या हातांना पट्ट्या बांधणारा माणूस स्वतःचा हात गळ्यात अडकवून काउंटरवर उभा राहिला, तेव्हा दवाखान्यात आलेल्या लोकांनी आपापली दुखणी विसरून माझी मजा घेतली.

लेकीला कळायला वेळ लागला नाही. ती खामगावला बस बदलून तडक आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी न्हाणीत जाऊन फरशीवर पाय घासून बघितला आणि बाहेर येऊन मला फैलावर घेतलं.

"बाबा, तुमी आता अठी एकटे राहू नका. चाला माह्यासंग."

"मले काय धाड भरली? हात मुरगळला आहे, बरा होईन."

"आज हात मुरगळला, उद्या डोकं फुटलं तं? अन् तुमी तं आतून कडी लावता. आतमंदी पडले तं दार कोण तोडीन?"

"सवय आहे माही."

"घरात दुसरं माणूस नाई, बाबा. कडी लावून कोणापासून लपता तुमी? मांजरीपासून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. होतं, पण लेकीला सांगण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते मला स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. मी चिडून गप्प बसलो. ती तिच्या आईसारखी. समोरचा चिडून गप्प बसला की तिला तो हरला असं वाटतं. तिने सरळ अट घातली. दिवाळीपर्यंत न्हाणीची फरशी बदलायची आणि कडी लावणं बंद करायचं. दोन्हीतलं एक जरी झालं नाही तर घराला कुलूप आणि मी अमडापूरला.

मला अमडापूरला जायचं नव्हतं. जावई भला माणूस, त्याचे आईवडीलही माझ्याशी अदबीने वागत. पण त्यांच्या घरात मी पाहुणा. पाहुण्याला सकाळी गरम पाणी सगळ्यांच्या आधी मिळतं आणि बोलायला कोणी मिळत नाही. मला माझ्या घरात मरायचं होतं, आणि त्याआधी बरीच वर्षं तिथंच जगायचंही होतं. म्हणून मी हो म्हटलं.

फरशीही जावयानेच पाठवली. अकोल्यातल्या कुठल्याशा ऑफिसात विनायलच्या टाइल्स बसवल्या होत्या, त्यातली उरलेली दोन खोकी त्याला ओळखीने मिळाली. बसच्या टपावरून ती खोकी आली तेव्हा निम्मी गल्ली बघायला जमली. हिरव्या रंगाच्या, पांढरे शिंतोडे उडवल्यासारख्या चौकोनी टाइल्स. हातात घेऊन वाकवली तर वाकायची. एका म्हातारीने विचारलं, "हे खायाचं आहे का नेसायचं?" तिला फरशी म्हणून सांगितलं तर ती माझ्याकडे बघून नुसती हसली आणि निघून गेली.

काम मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला दिलं. त्याच्या वडिलांनी माझ्या वडिलांच्या वेळी ही शहाबादी बसवली होती, त्यामुळे या न्हाणीवर आपला खानदानी हक्क आहे असं त्याला वाटायचं. हात चांगला, पण तोंड त्याहून चांगलं. विनायल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, तरी टाइल उलटीसुलटी करून तो म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, हे तं सायकलच्या ट्यूबचं काम हाये. सुलोचन लावलं, चिपकवलं, खतम."

पंक्चरच्या सोल्युशनला आमच्याकडे सुलोचन म्हणतात. मी त्याला समजावलं की सोल्युशन म्हणजे द्रावण, मी दवाखान्यात दिवसभर तेच बनवतो. तो म्हणाला, "मंग तं घरचीच गोष्ट झाली. तुमी अठी बसा अन् आवाज द्या."

"पण जुनी फरशी उखडायची ना?"

"कायले उखडता? वालिदनं बसवली हाये ते. ते निंगत नसते. तिच्यावरच बसवू. जुनी खाली झोपून राहीन, नवी वर नाचन."

त्याने न्हाणीचं दार बिजागऱ्यांतून काढून अंगणातल्या निंबाला टेकवून ठेवलं, जुनी फरशी तेजाबाने धुतली, खड्डे बुजवायला वर सिमेंटचा एक हात फिरवला आणि तो वाळल्यावर टाइल्स चिकटवल्या. दाबून बसाव्यात म्हणून माझ्या घरातलं ज्वारीचं पोतं आणून या टाइलवरून त्या टाइलवर लोळवलं. शेवटी दार परत लावलं. ते खाली घासत होतं. सिमेंट आणि टाइल मिळून जमीन वर आली होती, आणि दार काढून काम केल्यामुळे ते ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

"थोडंसं घासते," मिस्त्री म्हणाला, "घासून घासून आपोआप बसून जाईन." पाणी इतक्यात टाकू नका म्हणून बजावून तो गेला. तेवढे दिवस मी अंगणात निंबाखाली आंघोळ केली.

आता विसणाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या न्हाणीत फक्त गरम पाण्याची बादली जायची. गार पाण्याचा रांजण बाहेर, दाराला लागून. बंबातलं पाणी कढत असायचं, म्हणून आंघोळीला बसलं की आतून हाक मारायची, "इसन!" मग बाहेरचं माणूस रांजणाचं झाकण सरकवून तांब्याभर गार पाणी दाराच्या फटीतून आत द्यायचं. विसण म्हणजे एवढंच, कढत पाण्यात घालायचं गार पाणी.

माझं लग्न झालं तेव्हा पुढच्या खोलीत वडील आणि स्वयंपाकघरात आई. मोठ्यांच्या देखत बायकोशी बोलायची रीत नव्हती. ती एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत, आणि मधे सगळ्यांचे कान. पण नवऱ्याने विसण मागितलं तर बायकोने ते द्यायलाच हवं, त्याला कोणाची हरकत नव्हती. मी हाक मारायचो, ती यायची, दार बोटभर उघडायचं. पहिल्यांदा तिने तांब्या पुढे केला आणि हळूच विचारलं, "तुमी दवाखान्यात खरंच सुई देता का नुसती धुता?" मी म्हटलं, "नुसती धुतो." ती बाहेर खूप वेळ हसत होती. मला तिचं हसणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

मग रोजचंच झालं. पाणी कढत असो नसो, मी विसण मागायचो. भर उन्हाळ्यात, बंब पेटवलेला नसतानाही मागायचो. आई म्हणायची, पोराची कातडी भलतीच नाजूक. दाराशी भांडी घासायचा दगड होता, ती त्यावर बसून राखेने भांडी घासत घासत बोलायची. दार लागलेलं असलं की तिला जास्त बोलता यायचं. तोंडासमोर ती कमीच बोलायची. भावाने बोलावलंय, चार दिवस जाऊ काय, असं ती विचारायची. मी आतून म्हणायचो, "जाय." ती म्हणायची, "जाय म्हंता, मंग पाणी कोण इसनन?" लेक पोटात असल्याचं तिने मला तिथूनच सांगितलं. पुढे आईवडील गेले, घरात लपण्यासारखं कोणी उरलं नाही, तरी आमचं बोलणं काही खोलीत आलं नाही. ते न्हाणीच्या दाराशीच राहिलं. लेक लहानपणी चिडवायची, "बाबाले इसन लागतेच लागते."

बायको तापाने गेली. जन्मभर मी औषधाच्या बाटल्या भरल्या, माझ्या हातची एकही बाटली तिला लागू पडली नाही. ती गेल्यावर मी रांजण पालथा घातला आणि गार पाण्याची दुसरी बादली न्हाणीत आत नेऊन ठेवली. स्वतःचं पाणी स्वतः विसणायला लागलो. पण कडी लावायचो. एक दिवस चुकलो नाही.

नव्या फरशीवरची पहिली आंघोळ. कापूस वेचणीचे दिवस, सकाळी बऱ्यापैकी गारठा. दोन्ही बादल्या आत नेल्या. फरशी पायाला गार लागत नव्हती, तिचं मला खरोखर कौतुक वाटलं. दार घासत होतं म्हणून खांद्याने रेटून लावलं. लेकीला कबूल केलं होतं की कडी लावणार नाही. पण हात सवयीने वर गेला आणि कडी बसली. मग मजेत आंघोळ केली. नवी फरशी म्हणून जरा जास्तच गरम पाणी ओतलं.

पंचा गुंडाळून कडी काढली, दार आत ओढलं, तर ते हलेना. गरम पाण्याने दाराजवळच्या टाइलचं सुलोचन सुटलं होतं. टाइल मऊ पडून उचलली होती आणि दार ओढताच दुमडून त्याच्या खाली गेली होती. मी जेवढं ओढावं तेवढी ती पाचर घट्ट बसत होती. पाय लावून ओढलं, दुखरा हात लावूनही ओढलं. मुठीतली कडी तेवढी हलत होती.

हाक मारायची तर कोणाला? आणि काय म्हणून? "वाचवा" म्हणून ओरडावं, तर न्हाणीतून माणसाला वाचवतात असं मी कधी ऐकलं नव्हतं. आधी मी नुसता खाकरलो. मग "कोणी आहे काय" म्हणून ओरडलो. सगळी गल्ली वावरात कापूस वेचायला गेलेली. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला. स्टेशनात गाडी थांबली आणि गेली. मी आणखी ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. पंचा ओला, अंगावर काटा. बादलीच्या तळाला उरलेलं कोमट पाणी ऊब म्हणून अंगावर घेतलं, त्याने उलट जास्तच थंडी वाजली. पाटावर बसलो. तेव्हा लेकीचं बोलणं आठवलं आणि तिचा राग आला, कारण ती बरोबर होती.

किती वेळ गेला माहीत नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो आणि माझ्या तोंडून निघालं, "इसन!"

ती गेल्यापासून हा शब्द मी उच्चारला नव्हता. तो जुन्याच सुरात निघाला, जरा हुकूम सोडल्यासारखा. आणि मी थांबलो. रांजणाचं झाकण सरकायची वाट बघत मी खरोखर थांबलो. लहान पोरासारखा कान देऊन बसलो होतो. अंगणात चिमण्या होत्या, बाकी काही नाही. मग मला रडू आलं. ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी सगळ्यांना चहा झाला का विचारत फिरत होतो. तेव्हा राहिलेलं रडू त्या हिरव्या फरशीवर निघालं.

मिस्त्री आला तो दुपार व्हायच्या आधी. एकटा नाही, एका आडत्याला घेऊन. धान्याचा मोठा व्यापारी, त्याला नवीन बंगल्यात हीच फरशी बसवायची होती, म्हणून मिस्त्री आपली कारागिरी दाखवायला आला होता. पुढचं दार ठोकून झाल्यावर ते मागच्या बोळातून अंगणात आले.

"साहेब, कोठी हाव?"

"न्हाणीत!" माझा आवाज घोगरा झाला होता.

"हाव काय! धुऊन घ्या आंग आरामशीर. आमी थांबतो."

आणि ते दोघं खरोखर भांडी घासायच्या दगडावर बसून विड्या ओढू लागले. मिस्त्री आडत्याला सांगत होता की कंपाउंडरसाहेबाले फरशी इतकी पसंत पडली की ते बाहेरच येत नाहीत.

"अरे बाबा," मी दारावर थाप मारली, "अडकलो मी!"

मग धावपळ झाली. मिस्त्रीने दाराखालून गवंडीकामाची करणी घातली, टाइल कापून कापून ओढून काढली आणि दार उघडलं. मी ओल्या पंच्यात, निळा पडलेला. आडत्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग हातभर फाटलेल्या टाइलकडे. "मले नाई पायजे बाप्पा अशी फरशी," तो म्हणाला आणि आला त्या बोळाने गेला. मिस्त्रीने शरमेने दार पुन्हा बिजागऱ्यांतून काढलं, निंबाला टेकवलं आणि रंधा मारून आणतो म्हणून तोही सटकला.

आडत्याच्या दुकानावर जे कळतं ते बसस्टँडवर कळतं, आणि बसस्टँडवर कळलं की अमडापूरला जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक दारात. या वेळी ती भांडली नाही. पलंगाखालची ट्रंक ओढून काढली आणि माझी धोतरं, सदरे घडी करून भरायला लागली. मी बघत राहिलो. ती न भांडता काम करते तेव्हा ते होणारच असतं.

"सकाळी आंग धुऊन घ्या, मंग निंगू," ती म्हणाली. न्हाणीला दार नव्हतं, म्हणून तिने तिथं एक जुनी चादर बांधली. "पाहा, किती सोपं आहे. दाराची कटकटच नाई. मी तं म्हंते, पह्यलेच असं करायला पायजे होतं."

सकाळी मी चादरीआड जाऊन बसलो. तांब्या भरला. वाऱ्याने चादर हलली आणि बाजूला झाली. समोर दगड होता, कोरडा. त्याच्या बाजूला पालथा रांजण. चादर परत आली, पुन्हा उडाली, पुन्हा तोच दगड. तांब्यातलं पाणी बादलीत टाकून मी तसाच, कोरडा, बाहेर आलो.

लेक चुलीपाशी होती. "काऊन? पाणी गार होतं काय?"

"नाई."

"मंग?"

"दार नसलं की दिसते."

"काय दिसते? अंगणात कोणीच नाई, बाबा."

"तेच दिसते," मी म्हणालो. "दार लागलेलं असलं की ती बाहेर असू शकते. दार नसलं की दिसते ना, कोणी नाई ते."

आता बोललो ते बोललो. लेकीने फुंकणी खाली ठेवली. मग ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि मिस्त्रीकडे गेली. त्याच्या घराशी उभी राहून तिने त्याला काय काय सुनावलं ते मला नंतर कळलं. तासाभरात तो रंधा घेऊन हजर. दाराच्या खालची बाजू रंधून, दाराजवळच्या टाइल्स उपटून काढून त्याने दार लावलं. तेवढ्या जागेत जुनी शहाबादी उघडी पडली, ती अजूनही तशीच आहे. कडीचा कोंडा मात्र लेकीने त्याला नीट ठोकू दिला नाही. एका सैल खिळ्यावर तो अडकवला. बाहेरून जोरात ढकललं की निघून येईल इतका. "लावा कडी," ती म्हणाली. "नावापुरती आहे."

मग तिने आणखी एक काम केलं. पालथा रांजण सरळ केला, धुतला, विहिरीचं पाणी आणून भरला. मी आत गेलो. एकच बादली, या सगळ्या भानगडीत कोमट झालेली. कडी लावली. पाटावर बसलो आणि तांब्या तसाच धरून राहिलो. मला हाक मारवेना.

बाहेर दगडावर कोणीतरी बसलं. रांजणाचं झाकण सरकलं.

"इसन देऊ काय, बाबा?"

"दे," मी म्हणालो.

मी कडी काढून दार बोटभर उघडलं. तांब्या आत आला. तो धरलेला हात तिच्या आईसारखा नव्हता, माझ्यासारखा होता, रुंद बोटांचा. मी ते गार पाणी कोमट पाण्यात घातलं आणि अंगावर घेऊन शहारलो. दार लोटून घेतलं. ती तिथंच बसली होती. राखेने काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, घासायला भांडं नव्हतं तरी.

"बाबा," ती म्हणाली, "मले तठी करमत नाई."

मी तांब्या खाली ठेवला.

"वाईट कोणीच नाई. सगळे चांगले आहेत. पण दिवसभर घर भरलेलं, अन् माह्यासंग बोलाले कोणी नाई. तुमच्या जावयाले दुकानातून याले रात होते. मले वाटलं, तुमाले नेलं तं..." पुढचं तिने घासण्याच्या आवाजात घालवलं. "तुमचा हात मुरगळला ते कळलं ना, तं मले आधी रडू आलं, अन् मंग बरं वाटलं. आता बाबा येतीन म्हून. पाहा आता."

तिच्या आईला मी उत्तरं द्यायचो ती थट्टेची असायची, आणि ही थट्टेची वेळ नव्हती. मी अंगावर आणखी पाणी घेतलं, म्हणजे मी ऐकतोय हे तिला कळावं. बाहेर आलो तेव्हा ती भाकरी थापत होती, आणि तिचा चेहरा काही बोललंच नसल्यासारखा. ट्रंकेतले कपडे तिने परत खुंटीवर लावले होते. दुपारच्या बसने ती एकटी गेली. बस वळेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो. घरी येऊन रिकाम्या अंगणात बसलो तेव्हा पहिल्यांदाच मला माझ्यापेक्षा दुसऱ्या कोणाच्या एकटेपणाने जास्त करमेनासं झालं.

तेव्हापासून मी घरी रोज ती नावापुरती कडी लावतो आणि महिन्याच्या महिन्याला अमडापूरला जातो. जावयाच्या घरी सकाळी पाहुण्याला पहिलं पाणी मिळतं. न्हाणी परसात आहे, दार चांगलं घट्ट आहे. घरात सासू, सासरे, नणंद, येणारेजाणारे. लेक चुलीपुढे अडकलेली. मी बादली घेऊन आत बसतो, दार लावतो आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडतो, "बाई, इसन आण वं!"

तिची सासू म्हणते, तुझ्या बापाला कढत पाणी अजिबात सोसत नाही, जा आधी त्याला दे. लेक तवा उतरवून येते. दार बोटभर उघडतं, आणि मग ती पलीकडे उभी राहून महिन्याभराचं सांगते. तिचं सांगून होईपर्यंत पाणी पार निवून जातं. मग मी तिने दिलेलं विसण त्यात घालतो आणि अंगावर घेतो. थंडीच्या दिवसांतही घेतो.